मरिनाचं मागचं अंग आणि शंभर किलो गूळ

गाडी मिळाली एकदाची. टाटा इंडिगो मरिना, २००६ ची, १४०५ सीसी टर्बो डिझेल, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. आपल्याकडे स्टेशन वॅगनचं कधी जमलंच नाही. टाटा इस्टेट गेली, बलेनो अल्टुरा गेली, ऑक्टाव्हिया कॉम्बी रस्त्यावर बघितलेली माणसंही मोजकीच. लांब पाठीची गाडी दिसली की लोकांना ॲम्ब्युलन्स आठवते, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. दारात लावली तेव्हा आजीनं विचारलंच, "कुणाला न्यायला आणलीस रं ही?" त्यामुळे मरिना स्वस्तात जाते खरी, पण चांगली सापडता सापडत नाही.

आपल्या पट्ट्यात जुनी गाडी बघताना मी किलोमीटर नंतर विचारतो. आधी विचारतो, २०१९ आणि २०२१ च्या पुरात ही कुठं उभी होती? पंचगंगेच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून अजून विकायला येतात. पॉलिशवर जाऊ नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ तिथं राहते. स्टेपनीचा खड्डा बघा, कार्पेटखालचा फोम हुंगा. कोकणातल्या गाडीचं दुखणं निराळं. एमएच-०७ ची एक मरिना रंगानं देखणी होती, डिकीचं कार्पेट उचललं तर मागचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) जिथं बॉडीला धरतो तिथला पत्रा पापडासारखा. सोडून दिली. इंजिन बांधता येतं, पण हा पत्रा गेल्यावर सस्पेन्शन अडकवायचं कशाला?

घेतलेली गाडी गडहिंग्लजकडच्या एका निवृत्त गुरुजींची. पत्रा ठणठणीत, सस्पेन्शन मात्र मूळचंच. ब्रेक मारला की स्टेअरिंग किंचित डावीकडे ओढायचं, खड्ड्यात पुढून 'खट्' आणि मागचं डावं अंग बसलेलं.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींचं म्हणणं, "चारी शॉकअप टाका आणि मोकळं व्हा की ओ." सगळीकडे हेच सांगतात. शॉकअप दिसतो, तेल गळलं की कळतं, बिलही बरं होतं. पण गाडी म्हातारी वाटते ती बहुतेक रबरामुळे. गॅरेजमधल्या खड्ड्यावर गाडी घेऊन लोअर आर्मच्या (चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) मागच्या बुशला, म्हणजे सांध्यातल्या रबराला, टॉमी (लोखंडी पहार) लावली तर आर्म सरळ पुढं-मागं हलत होता. रबर आतल्या लोखंडी नळीपासून, स्लीव्हपासून, सुटलेलं. ब्रेक मारल्यावर चाकच मागं सरकत असेल तर नवा शॉकअप काय करणार? ते बघितल्यावर मिस्त्रीही "आता आर्म उतरवूया" म्हणाले.

बोल्ट सुटणं हेच निम्मं काम. बोल्ट आतल्या स्लीव्हला गंजून चिकटतो, मग नट फिरतो आणि बोल्ट रबरासकट पीळ खातो. रात्रभर डिझेल सोडून ठेवलं, एक निघाला, दुसरा हॅक्सॉनं कापला. जुने बुश दाबून काढायला शेजारच्या वर्कशॉपचा हायड्रॉलिक प्रेस. उद्यमनगरात राहण्याचं सुख हे, की प्रेस, लेथ, वेल्डिंग सगळं हाकेच्या अंतरावर. पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबराहून कडक प्लॅस्टिकचे, बुश सुचवणारे भेटले. मी रबरच टाकलं. ही गाडी रेसला जाणार नाही, आणि डिझेलची थरथर केबिनमध्ये वाढवून घ्यायची मला हौस नाही.

एक गोष्ट मात्र हट्टानं करून घ्या. आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. तसे आवळले की रबर त्याच स्थितीत धरलं जातं, गाडी खाली आली की कायमचा पीळ घेऊन बसतं आणि लवकर फाटतं. आम्ही गाडी चारही चाकांवर खड्ड्यावर उभी केली, दोन-चार वेळा दाबून बसवली आणि मग टॉर्क पाना लावला. पुढचे लिंक रॉड, बॉल जॉइंट आणि स्ट्रट माउंटिंगही बदललं. ब्रेकला ओढणं थांबलं, खट् गेलं.

आता मागचं. इंडिगोची खरी मजा इथंच आहे. इंडिकाहून वेगळं, तीन लिंकचं स्वतंत्र सस्पेन्शन आणि स्ट्रट. सेडानपेक्षा मरिनाच्या मागं जास्तीची काच, पत्रा आणि वर उघडणारा दरवाजा आहे, शिवाय या डिकीत माणूस सामान कोंबणारच. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत मोजलं (असं मोजलं की टायरमधल्या हवेचा संबंध राहत नाही), डावं अंग उजव्यापेक्षा १८ मिलिमीटर खाली.

मग मामांच्या गुळाच्या व्यापाराचा उपयोग केला. मार्केट यार्डातून गुळाचे दहा किलोचे दहा रवे (ढेपा) आणून डिकीत मधोमध ठेवले. नेमकं शंभर किलो, वजनकाटा नको. दोन्ही बाजू जवळपास सारख्याच दबल्या. म्हणजे डाव्या स्प्रिंगचा जोर गेलेला नाही, उंची गेली आहे. स्टीलचा कडकपणा वयानं फारसा कमी होत नाही. स्प्रिंग बसते तरी किंवा तुटते. उतरवली तर खालच्या कपात चिखलाखाली शेवटचा वेढा तुटून पडलेला. तो वेढा तसाही टेकलेलाच असतो, भार झेलत नाही, म्हणून दाब सारखा आणि उंची कमी.

स्प्रिंग जोडीनंच बदलायच्या, हे ठरलेलं. स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर चांगला नसेल तर हे काम घरी करू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात जाईल.

सध्या पुढचं पूर्ण, मागचं उघडं. नव्या स्प्रिंग आणि बुश यायचेत, मग चारही चाकांचं अलाइनमेंट. फक्त पुढचं करणाऱ्या दुकानात जाणार नाही, कारण मागचे टायर आतून खाल्लेले आहेत. त्यानंतर गगनबावड्याच्या रस्त्यानं करूळ घाट उतरून बघायचा, गुळासकट.

दुकानदार सेडानच्याच मागच्या स्प्रिंग देतोय, "सेम येतंय" म्हणतो. कुणी दोन्ही शेजारी ठेवून, तारेची जाडी आणि वेढे मोजून बघितले असतील तर आकडे कळवा. नुसतं "बसतंय की" नको.