चेट्टियारांच्या चौकात पाऊस

एका सहल कंपनीबरोबर फोटोग्राफर म्हणून मी फिरतो. गेल्या नोव्हेंबरात तमिळनाडूच्या सहलीत महाबलीपुरमला जाताना मुट्टुकाडूच्या दक्षिणचित्र संग्रहालयात थांबलो होतो. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्रातली जुनी घरं उतरवून इथे पुन्हा उभी केलीत. अशी १८ घरं. १९९६ साली हे सुरू झालं, मांडणी वास्तुविशारद लॉरी बेकर यांची. काचेच्या कपाटात डोकावणं कमी, सरळ घरातच शिरायचं.

गेटपाशीच पाऊस कोसळला. तिकडे नोव्हेंबर म्हणजे ऐन पावसाळा, तरी मंडळींचे चेहरे पडले. "दादा, आता कसले फोटो येणार?" एक काकू म्हणाल्या. मी मात्र मनातून खूश होतो. उन्हात चौक पांढराफटक दिसतो आणि ओसरी काळीठिक्कर. एकाला सांभाळावं तर दुसरं हातचं जातं. ढग आले की हा फरक पुष्कळ कमी होतो, आणि ओसरीत बसलेल्या माणसाच्या तोंडावर चौकातून मऊ उजेड येतो.

चेट्टिनाड या तमिळ मुलखातल्या चेट्टियार व्यापाऱ्याचं घर. कौलांवरून पागोळ्या चौकात पडत होत्या. सगळ्यांनी उभ्याउभ्या फोन वर केले. असा फोन वर केला की खांब आत झुकतात आणि निम्मी फ्रेम फटफटीत आभाळाने भरते. म्हटलं, "काकू, खाली बसा."

"गुडघे बघितलेत का माझे?"

शेवटी खांबाला हात धरून त्या चौकाच्या कडेला टेकल्या. ओसरी ही बसणाऱ्यांसाठी बांधलेली जागा. तिथं बसून फोन सपाट धरला की समोरचे खांब ओळंब्यात उभे राहतात, वळचणीची कड फ्रेमचा माथा बनते, आभाळ आपोआप बाहेर. काकांना पलीकडच्या ओसरीत, मधला खण सोडून डावीकडच्या खणात बसवलं. अंगावर कंपनीचा केशरी रेनकोट; तो आधी काढायला लावला. पोक्त लाकडी खांबांमध्ये तो रंग म्हणजे पंगतीत वाजलेला भोंगा!

काकूंना म्हटलं, स्क्रीनवर काकांच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि उजेड जरा खाली ओढा. मी माझ्या कॅमेऱ्याचा शटरवेग १/३० सेकंद ठेवला, कोपर खांबाला टेकवलं. पागोळ्यांच्या रेघा हव्या असतील तर एवढा वेळ पुरतो. थेंब सुटे सुटे हवे असतील तर १/५०० च्या पुढे जावं लागतं, आणि त्या अंधारात फोटो दाणेदार होतो. काकांना मात्र हलू नका म्हणून बजावावं लागलं. ते ऐकणाऱ्यातले नव्हते.

काकूंचा फोटो माझ्यापेक्षा बरा आला. खरंच. पागोळ्यांपलीकडे काका कंटाळून वर बघताहेत, घरचेच वाटावेत असे.

पुढे इरकलच्या विणकराच्या घरात बायका इतक्या रमल्या की मॅनेजरला शिट्टी मारावी लागली. बस सुटायच्या घाईत त्याने गेटसमोर सगळ्यांना रांगेत उभं केलं, रेनकोटांसकट, निम्म्यांचे डोळे मिटलेले. मी एकच क्लिक मारला.

ऑफिसने माहितीपत्रकावर तोच छापला. फोन करून विचारलं, तर साहेब म्हणाले, "अहो, यात सगळे गिऱ्हाईक दिसतात ना!"