स्मार्ट पद्धतीने पोषण सर्वेक्षण : एमपीएचच्या प्रात्यक्षिकाचा माझा अनुभव

एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. तिच्या ग्लोबल हेल्थच्या वर्गात कुपोषणाची टक्केवारी तक्त्यात आयती मिळते. ती उभी कशी राहते, हे मला प्रात्यक्षिकातच नीट कळलं. आमचं क्षेत्र नंदुरबारच्या डोंगरातले पाडे, पद्धत 'स्मार्ट', म्हणजे मुलांची मापं घेऊन कुपोषणाचं प्रमाण काढायची ठरलेली रीत.

आधी नमुना. तीव्र कुपोषण (उंचीच्या मानाने वजन कमी) १५ टक्के धरलं, अचूकता अधिक-उणे ४ टक्के आणि डिझाइन इफेक्ट (मुलं गटागटाने निवडल्यामुळे नमुना वाढवणारा गुणक) १.५ घेतला, तर ६ ते ५९ महिन्यांची ५०० मुलं लागतात. घरटी ५ माणसं, त्यांत पाच वर्षांखालची १२ टक्के, सहा महिन्यांखालची वगळायला ०.९ ने गुणणं, वर ५ टक्के घरं मिळणार नाहीत असं धरणं. यातून घरं होतात ९७५. ती ३० क्लस्टरमध्ये (एक क्लस्टर म्हणजे एका टीमने एका दिवसात करायचा घरांचा गट) वाटली की एका दिवशी ३३ घरं येतात आणि ती झेपत नाहीत. म्हणून उलट मोजावं. सकाळी ८ ते ५ म्हणजे ५४० मिनिटं. प्रवासाला १२०, गावात ओळख आणि घरांची यादी ६०, जेवण ३०. उरली ३३०. घरामागे चालणं धरून १७ मिनिटं, म्हणजे १९ घरं. क्लस्टर मग ५२ लागतात. खर्च वाढतो, पण घाईत घेतलेली मापं कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाहीत.

घरं यादीतून चिठ्ठ्या टाकूनच निवडावीत. यादीला अंगणवाडीचं रजिस्टर आणि आशाताई दोन्ही लागतात, कारण रजिस्टरमध्ये असलेली कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी गुजरातेत गेलेली असू शकतात. बंद घराच्या बदल्यात शेजारचं घर घेऊ नये. संध्याकाळी पुन्हा जावं, नाही मिळालं तर तशी नोंद करावी. लहान मूल नसलेलं घरही मोजणीत धरायचं असतं; सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

खरी कसोटी मापांची. सर्वेक्षणाआधी प्रत्येक मोजणाऱ्याने तीच १० मुलं दोनदा मोजायची, दुसऱ्या वेळी पहिला आकडा दिसता कामा नये. दुसऱ्या फेरीपर्यंत मुलं रडून कंटाळतात, म्हणून ही चाचणी सकाळी, पोटभर खाऊ घालून घ्यावी. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून, त्यावरच्याची उंची उभं करून. वय कळतच नसेल तर ८७ सेंटिमीटर ही सीमा. उभं आणि झोपवून यांत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. वेणी किंवा बुचडा सोडायला लावावा. मदतनिसाने गुडघे आणि घोटे धरावेत, मोजणाऱ्याने हनुवटी. आकडा मोठ्याने वाचावा, लिहिणाऱ्याने तो परत म्हणावा. वजनकाट्यावर रोज सकाळी माहितीतलं वजन ठेवून बघावं. दंडघेर डाव्या हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. सूज बघायला दोन्ही पायांवर अंगठा ३ सेकंद दाबायचा.

वयासाठी माता-बाल संरक्षण कार्ड आधी मागावं. नसेल तर स्थानिक घटनांचं कॅलेंडर: होळीच्या आधी की नंतर, पेरणी झाली होती का, थोरला भाऊ तेव्हा चालत होता का. आईला 'किती महिन्यांचं?' असं विचारलं तर उत्तर १२, २४, ३६ च्या आसपास गोळा होतं.

एवढी काटेकोर मापं कशासाठी, याचं गणित मला फार महत्त्वाचं वाटतं. वजन-उंचीच्या झेड-स्कोअरची (मूल प्रमाणित मापापासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा) सरासरी उणे १ आणि प्रमाण विचलन (आकड्यांचा पसारा) १.० असेल, तर उणे २ खाली, म्हणजे कुपोषितांत, सुमारे १६ टक्के मुलं येतात. सरासरी तीच, पण ढिसाळ मापांमुळे विचलन १.२ झालं, तर तीच टक्केवारी २० वर जाते. मुलं तितकीच कुपोषित, अहवाल मात्र वेगळा. म्हणून ईएनए या पोषण सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरमधला प्लॉझिबिलिटी अहवाल (मापं विश्वासार्ह आहेत का ते तपासणारा) रोज रात्री टीमप्रमाणे काढावा. विचलन ०.८ ते १.२ मध्ये आहे का, उंचीचे आकडे ०.० आणि ०.५ वर अडकतात का, हे पाहावं. या अहवालात जास्त गुण म्हणजे जास्त दोष; एकूण गुण २५ च्या पुढे गेले तर सर्वेक्षण सदोष मानलं जातं. एखादी टीम घसरली, तर दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकाने तिच्यासोबतच फिरावं.

दंडघेर ११५ मिलिमीटरच्या खाली किंवा सूज दिसली, तर त्याच घरात चिठ्ठी लिहून अंगणवाडीताईला कळवायचं, पोषण पुनर्वसन केंद्राचा पत्ता द्यायचा. मूल आजारी दिसत असेल तर गाडीची सोय झाल्याशिवाय पुढचं घर घेऊ नये, मग त्या दिवशी १९ च्या जागी १७ घरं झाली तरी चालतील.