सोलापुरातली ऑब्स्टॅकल रेस : काळ्या रानातला चिखल आणि वरची वसुली

नावनोंदणीच्या पानावर "अंदाजे शंभर मीटर हलका चिखल" असं लिहिलं होतं आणि खाली लाल मातीत लोळणाऱ्या पोरापोरींचे फोटो होते. प्रत्यक्षात तो पट्टा पाऊण किलोमीटरच्या पुढं गेला. आणि तिथल्या रानात लाल माती येणार कुठून? ते काळं रान होतं, टँकर ओतून भिजवलेलं. ही अडथळ्यांची शर्यत तिथंच ठरते. भिंत, दोर, जाळी यांची तयारी सगळेच करून येतात. पण सोलापूर भागात अशी शर्यत पळणार असाल तर आधी या एका पट्ट्याबद्दल वाचा, कारण आम्हाला त्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं.

मी आणि सिद्धाराम, दोघंही सोलापूरचे. मी नोकरीनिमित्त पुण्यात, तो गावाकडची शेती आणि शहरातलं दुकान दोन्ही सांभाळतो. जानेवारीतला रविवार होता, गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, अजून हलली नव्हती. शर्यतीची जागा तुळजापूर रस्त्याला, हिप्परग्याच्या तलावापलीकडं आत. दहा किलोमीटर न थांबता पळता येतं आणि पाच-सहा पुलअप्स निघतात, असं धरून पुढचं लिहितोय. तेवढं होत नसेल तर आधी तेवढं करा.

पहिले दोन किलोमीटर मुरमाड माळ आहे. पाय छान लागतो, वेग मिळतो, टायर उलटायचे आणि बुटक्या भिंती ओलांडायच्या. सकाळची थंडीही होती. या भागाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून बाजूला टाकल्या होत्या, त्यांचा काटा बुटाच्या तळातून सरळ आत येतो, तेवढं बघून पाय टाका.

मग उतार लागतो आणि तुरीचं काढून झालेलं रान सुरू होतं. सिद्धाराम कडेला थांबला. त्यानं वाकून मूठभर माती उचलली, दाबली, मूठ उघडली. माती तळव्याला आणि बोटांच्या पेरांना लपेटून बसली, झटकली तरी सुटेना. म्हणाला, "वाफसा नाही बे, हे पायाला धरणार." वाफसा म्हणजे मशागतीला लागते तेवढी बेताची ओल. त्याहून जास्त ओलीत शेतकरी बैल घालत नाही, आणि इथं शेकडो माणसं पळवली होती.

काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण फार. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात. भरपूर पाणी असेल तर ती पातळ राहते, पाय घसरतो पण सुटतो. पाणी कमी झालं आणि वरून तुडवली गेली की ती मळलेल्या कणकेसारखी होते आणि बुटाला सोडत नाही. म्हणजे पहाटे साडेसहाच्या बॅचला जे रान मिळालं ते आम्हाला साडेनऊला मिळालंच नाही. नोंदणी करताना मी फोन करून विचारलं होतं, बॅचनं काही फरक पडतो का. "काही नाही सर, कोर्स सेमच असतो," हे उत्तर. फरक पडतो, आणि भयंकर पडतो. पहिल्या बॅचमधला सिद्धारामच्या ओळखीचा एक जण आम्हाला शेवटी भेटला, तो म्हणाला चिखलात मजा आली. आमच्या बॅचमधल्या एकाही माणसाच्या तोंडून हा शब्द निघाला नाही.

शंभर पावलांत दोन्ही बुटांना किलोकिलोभर तरी माती चढते. पाय झाडून ती जात नाही, झाडलं की गुडघ्यामागची शीर तेवढी धरते. माझ्या डाव्या पोटरीला पेटका आला. यावर जे उपयोगी पडलं ते सांगतो. मधल्या तुडवलेल्या वाटेनं जाऊ नका, सगळे तिथूनच जातात म्हणून ती सगळ्यात वाईट असते. दोन्ही कडांना न तुडवलेला पट्टा असतो, तिथं वरची पापडी वाळलेली असते. तिच्यावरून आखूड, झपाझप पावलं टाकत गेलं तर माती कमी धरते. पण तुरीचे सड, म्हणजे कापून उरलेले बुडखे, तिथंच उभे असतात, तिरके कापलेले आणि सुरीसारखे. पाऊल ओळींच्या मधोमध टाका. माझ्या पुढच्या मुलीच्या बुटाच्या जाळीतून एक सड थेट करंगळीपर्यंत गेला होता. मोजा रक्तानं भरलेला, आणि प्रथमोपचाराचा तंबू होता तिकडं सुरुवातीच्या रेषेपाशी. तिला तिच्या मैत्रिणींनी हातांची पालखी करून मागं नेलं. इतका लांब पट्टा आखताना मध्ये एक माणूस पेटी घेऊन उभा करायला काय जात होतं?

माती काढायची तर दगडाच्या कडेला बूट घासून काढा. बांधावर दगड आहेत, दर दोनशे मीटरला बांधाकडं वळा, वेळ वाया जात नाही. पट्टा संपल्यावर भिजवलेलं रान जाऊन कोरडं रान येतं आणि तिथं भेगा आहेत. चिखलातून सुटल्याच्या आनंदात लोक एकदम वेग घेतात आणि घोटा भेगेत जातो. तिथं दोघे बसलेले दिसले, दोघांचेही घोटे सुजलेले.

बुटांबद्दल माझं मत सरळ आहे. रस्त्यावर पळायचे बूट घालून इथं येऊ नका. त्यांच्या तळाच्या खाचा बारीक आणि जवळजवळ असतात, त्या पाच मिनिटांत बुजून जातात आणि मग तळ सपाट होतो. खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब असलेले ट्रेलचे बूट हवेत, आणि वरचं कापड जाड. लेस दुहेरी गाठ मारून आत खोचा. मोजे सुती नकोत, टी-शर्टही सुती नको, ओला झाला की अंगावर ओझं होतो. हातमोजे घरी ठेवा. ओले झाले की मंकी बारवर, म्हणजे हातांनी लोंबकळत ओलांडायच्या आडव्या दांड्यांवर, पकड जाते.

मंकी बार चिखलानंतर लगेच आहेत, ही आखणी मुद्दाम केलेली वाटते आणि ती मला आवडली. हात माखलेले असतात. अंगातला टी-शर्ट उलटा करून आतल्या कोरड्या बाजूला हात पुसा, मग मुरमाची कोरडी धूळ चोळा. तालमीत पैलवान पकडीसाठी माती चोळतात तसंच, फक्त ती धूळ काळी नको. बारला लोंबकळत राहू नका, कमरेतून झोका घेऊन पुढचा बार धरा. थांबलात की बोटं सुटलीच.

अडथळा जमला नाही तर बर्पीची शिक्षा, म्हणजे खाली झोपून उठायचं आणि उडी मारायची, असं मोजून. स्पार्टन रेसमुळे तीस बर्पींचा नियम जगभर माहीत झाला. इथं किती मारायच्या हे उभ्या असलेल्या स्वयंसेवकावर होतं. एकानं वीस सांगितल्या, पुढच्यानं दहा, दोराखालच्यानं "जमतील तेवढ्या मारा काका" म्हणून सोडून दिलं. हे मला फार खटकलं. माझ्या मागचा एक जण तीसच्या तीस मारत होता, प्रामाणिकपणे, आणि त्याच्या शेजारून लोक तशीच पुढं निघून जात होती. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच प्रकारांच्या खेळातली घोडेस्वारी जाऊन तिथं अडथळ्यांची शर्यत येते आहे. ज्या खेळाला एवढं वजन आलंय त्याचे नियम आयोजकांनी निदान एका फळ्यावर लिहून लावावेत. मुलं मेहनत करून येतात.

आता दोर. याच्यासाठी मी सिद्धारामचा कायमचा ऋणी आहे. तो लहानपणी दोरीच्या मल्लखांबाला जायचा. दोराखाली आम्ही पोचलो तेव्हा दोर ओला होता, खालचे पाच फूट चिखलानं गुळगुळीत झालेले. सिद्धारामनं बूट काढले, मोजे काढले, पाय मुरमात घासले आणि दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरून वर गेला. वरची घंटा वाजवली, एका हातानं दोर धरून क्षणभर तिथंच थांबला आणि सावकाश खाली उतरला. रांगेतली सगळी माणसं टाळ्या वाजवत होती. तालमीत शिकलेलं अंग वीस वर्षांनी असं धावून येतं, हे बघून मला भरून आलं.

पण तुम्ही मल्लखांब केलेला नसेल तर अनवाणी चढायला जाऊ नका, अंगठ्याजवळची कातडी निघेल. बुटांसहित चढायची रीत त्यानं मला खाली उभं राहून एकेक पाऊल सांगितली. दोर उजव्या मांडीच्या बाहेरून खाली सोडायचा, उजव्या बुटाच्या तळव्याखालून घ्यायचा, डाव्या पायानं तो उचलून उजव्या बुटावर दाबायचा. आता दोर दोन पावलांत अडकला, त्यावर उभं राहता येतं. गुडघे छातीशी घ्यायचे, पुन्हा अडकवायचा, उभं राहायचं. हातांनी फक्त तोल धरायचा, ओढून चढायचं नाही. हातांच्या जोरावर चढणारे दहा फुटांवर थरथरायला लागतात आणि तिथून घसरले की तळवे सोलून निघतात. मी घंटा वाजवली. घरी पंख्याचा हूक सोडून कुठंही दोर बांधून हे महिनाभर करा, एवढ्यानं जमतं.

पोतं उचलायचा टप्पा वीस किलोचा सांगितलाय आणि वजनानं तो तेवढाच निघाला. लोक पोतं पोटाशी कवटाळून चालत होते, त्यानं कंबर जाते. जानेवारीत सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक जोरात असते, तिथं हमालांना एकदा बघून घ्या. पोतं मानेच्या मागं दोन्ही खांद्यांवर आडवं, पाठ सरळ, नजर पुढं. ते याच्या अडीचपट वजन दिवसभर वाहतात.

काटेरी तारेखालून सरपटायचं होतं ते मुरमात आणि खड्यांत. कोपरांची सालटी निघाली. सरपटण्याऐवजी अंग आडवं टाकून लोळत जा, जलद होतं आणि कोपरं वाचतात. शेवटची भिंत आठ फुटी. एकट्यानं जमत नसेल तर मित्राच्या वाकवलेल्या मांडीवर पाय, मग खांद्यावर पाय, मग वर. आधी हलका माणूस चढवा आणि जड माणूस वरून ओढून घ्या, असं बहुतेक जण सांगतात. आम्ही उलटं केलं. मी जड, मला आधी वर घातलं, आणि सिद्धाराम भिंतीवर दोन पावलं चढून माझा हात धरून आला. खाली राहणाऱ्याला थोडी उडी घेता येत असेल तर हेच बरं. त्या भिंतीवर बसून दोघांनी जी आरोळी ठोकली ती शेजारच्या ज्वारीतली पाखरं उठवून गेली.

माझ्या घड्याळात पाच किलोमीटरचे सहा पॉइंट चार भरले. पाण्याचं ठिकाण एकच, तेही माळावर, चिखलाच्या आधी. दहा वाजल्यानंतर जानेवारीतही तिथलं ऊन चांगलं चटका देतं. पाठीला लागणारी छोटी पाण्याची पिशवी न्या आणि तिच्यात ओआरएस घाला. साधं पाणी पिऊन माझा पेटका गेला नव्हता.

आता पैशाचं. प्रवेश फी भरल्यानंतर पार्किंगचे शंभर, बॅग ठेवायचे दीडशे, फोटो हवे असतील तर चारशे. हेही एक वेळ सोडून देतो. पण अंग धुवायच्या एका बादलीचे शंभर रुपये? ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं टँकरच्या टँकर रानात ओतून चिखल करायचा आणि मग तो चिखल काढायला माणसाला पाणी विकायचं, हे मला पटलं नाही आणि मी ते तिथल्या माणसाला तोंडावर सांगितलं. "मॅनेजमेंटनं ठरवलंय," एवढंच उत्तर. नोंदणीच्या पानावर "शॉवरची सोय" असं लिहिलंय, पैशांचा उल्लेख नाही. तुम्ही गाडीत पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन आणि एक मग्गा घेऊन जा. माती अंगावर वाळू देऊ नका, वाळली की कातडी ओढते आणि दंडावरचे केस उपटून निघतात. बूट मात्र वाळल्यावर आपटले तर निम्मी माती ढेपांनी गळून पडते.

माझा निर्णय असा. कोर्स चांगला आहे, कस लागतो, आणि मित्र बरोबर असेल तर त्या दोर-भिंतीसारखा आनंद क्वचित मिळतो. व्यवस्था वाईट आहे. पहिली बॅच लेखी मिळत असेल तरच पैसे भरा. साडेनऊची मिळत असेल तर भरू नका, नाही म्हणजे नाही.

बाहेरून येणाऱ्यांसाठी : पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस रात्री सोलापूरला पोचवते, मुंबईकरांना फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे. परतीची हुतात्मा सोलापुरातून पहाटे सुटते, त्यामुळं शर्यतीच्या दिवशी तिचा उपयोग नाही. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पुण्यावरून मुंबईला जाते, तिचं तिकीट आधीच काढा. संक्रांतीच्या आसपास यात्रेतल्या नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच काठ्यांच्या, मिरवणुकीमुळं शहरातले रस्ते बंद असतात आणि लॉज भरलेले असतात, खोली महिनाभर आधी धरा. पहाटे साडेपाचला हिप्परग्याकडं यायला रिक्षावाले जाण्या-येण्याचं भाडं मागतात. आदल्या रात्रीच ठरवून, परत न्यायची वेळ सांगून ठेवा, कारण रानातून बाहेर आल्यावर हमरस्त्यापर्यंत दोन किलोमीटर चालावं लागतं आणि त्या पायांनी ते नको वाटतं.