हळदीचं पेव आणि कासचा उतार

कासला जायला पहाटे साडेपाचला सांगलीच्या विश्रामबागेतून गाडी हलली, तसं मागच्या सीटवरून आप्पांनी विचारलं, "चालू केलीस व्हय?" पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या या हायब्रिडचा हा चौथा पावसाळा. काटा 68,000च्या पुढे गेलाय, पण आप्पांचा प्रश्न काही संपत नाही. गाडी बॅटरीवर निघते, गल्लीतलं कुत्रंसुद्धा मान वर करत नाही आणि पन्नास वर्षं आवाज ऐकून गाडी ओळखलेल्या माणसाला ते पटत नाही.

कृष्णा ओलांडून सांगलीवाडी, डिग्रज, तुंग, आष्टा. दोन्ही बाजूंना ऊस. ट्रॅक्टरमागं रांगत जायचं, मोकळं दिसलं की पुढं काढायचं, पुन्हा ब्रेक. बाकीच्या गाड्या अशा रस्त्यावर पेट्रोल पितात, ही उलट खूश असते. ब्रेक दाबला की मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते आणि पुढच्या धक्क्याला तीच वीज कामी येते. म्हणून गावात मला लिटरला 24 पडतात. पेठ नाक्याला हायवे लागला, काटा शंभरवर स्थिर झाला, की तीच गाडी 19वर येते. तिथं ब्रेकच नाही, तर परत काय मिळणार? कंपनीच्या कागदावर सत्तावीस-अठ्ठावीस छापलंय, ते कागदावर शोभतं. फक्त सांगली-पुणे हायवे मारणाऱ्या मित्रांना मी ही गाडी घ्या म्हणून सांगत नाही. जास्तीचे पैसे वसूल व्हायला त्यांना म्हातारपण येईल.

कऱ्हाड, तासवडे टोल, उंब्रज. या टप्प्यात सांगण्यासारखं काही नाही. आईनं भडंगाचा डबा उघडला, एवढंच.

एक मात्र सांगायला हवं. मागच्या सीटच्या बुडाशी एक जाळी आहे. मोठी बॅटरी थंड ठेवायला पंखा तिथून हवा ओढतो. गाडी घेताना हे कुणी धड सांगितलं नव्हतं. आप्पा मार्केट यार्डात हळदीचे अडते. नमुन्याच्या पिशव्या दोन वर्षं त्याच सीटवर, जाळीला टेकून प्रवास करत होत्या. एका उन्हाळ्यात स्क्रीनवर इशारा आला. सर्व्हिसच्या पोरानं जाळी काढून माझ्यापुढं धरली, तर ती पिवळीधमक! "साहेब, बॅटरीला हळद लागली की," म्हणाला. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच, पण तिची जागा बॅटरीच्या फुप्फुसात नाही. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी जाळी मी स्वतः झाडतो आणि आप्पा पिशवी मांडीवर घेऊन बसतात. आजही होती. कासला हळद कशाला, हे विचारायची सोय नाही.

साताऱ्यात पोवई नाका, मग राजवाडा. कंदी पेढे घेतले. त्या गर्दीत अर्धा तास रांगलो, इंजिन जेमतेम दोनदा सुरू झालं. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट लागला आणि सगळी कमाई गेली. चढाला इंजिन ओरडतं. गियर बदलल्याचा टप्पा नसतो, एकच सूर लांबत जातो. स्क्रीनवर 12 दिसत होते. पहिल्या वर्षी असा आकडा दिसला की माझा जीव खालीवर व्हायचा, हल्ली मी त्याच्याकडं बघत नाही.

कासवर धुकं होतं. तेरडा फुललेला, मधेमधे सीतेची आसवं. त्यावर मी वेगळं काय लिहू, फोटोंनी तुमचे फोन आधीच भरले असतील. गाडी लावताना मात्र आतला दिवा बंद आहे ना, हे दोनदा पाहिलं. गेल्या वर्षी तीन आठवडे गाडी उभी राहिली आणि हिची साधी बारा व्होल्टची बॅटरी उतरली. रिमोटनं दार उघडेना, आतली लोखंडी किल्ली काढावी लागली. मोठी बॅटरी भरलेली, टाकीत पेट्रोल, पण छोटीनं संगणक जागा केल्याशिवाय दोघांनाही हलता येत नाही. शेवटी शेजारच्यांच्या जुन्या गाडीला वायर जोडून हिला उठवलं. शेजारी आठवडाभर हसत होते.

परतीचा उतार हा माझा आवडता भाग. कास तलावाचं पाणी साताऱ्याला उतारानंच येतं, तशी आमची वीजही उतारानं येते. फक्त साठवायला जागा कमी. दीड टनाची गाडी चारशे मीटर खाली उतरते तेव्हा हिशेबानं दीड युनिटहून जास्त ऊर्जा सुटते. आमची बॅटरी पाऊण युनिटची आणि तीही गाडी काठोकाठ भरू देत नाही, पूर्ण रिकामीही करू देत नाही. अर्ध्या घाटातच ती भरली. मग इंजिन घोंघावू लागलं.

"उताराला कशाला ॲक्सिलेटर देतोस?" आप्पा.

"मी पाय लावलेला नाही, आप्पा. पेट्रोलही जळत नाही. वीज ठेवायला जागा उरली नाही, म्हणून गाडी इंजिन नुसतंच फिरवून वेग धरतीय."

आप्पा थोडा वेळ बाहेर बघत राहिले. हरिपूरच्या पेवांत त्यांच्या वडिलांची हळद असायची. जमिनीखालचे ते हवाबंद खड्डे, वर्षानुवर्षं माल टिकवणारे. 2005च्या पुरात तिथं पाणी शिरलं, तो विषय घरात कुणी काढत नाही. आप्पा म्हणाले, "म्हणजे पेव भरलं. आता वरचा माल उघड्यावर."

तीन वर्षं मी त्यांना बॅटरी समजावत होतो, इतकं नेमकं मला एकदाही जमलं नव्हतं. "मग पेव मोठं का नाही केलं?" हा पुढचा प्रश्नही बरोबरच. मोठं केलं की वजन वाढतं, किंमत वाढते आणि आमची डिकी आधीच बॅटरीनं खाल्लीय. दोन बॅगा ठेवल्या की पेढ्यांचा पुडा आईच्या पायाशी.

एक फायदा मात्र या उतारांनी दिला. ब्रेकपॅड अजून कंपनीतून आलेलेच आहेत. पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो, म्हणून अधूनमधून मुद्दाम जोरात ब्रेक मारावा लागतो. आई तेव्हा देवाचं नाव घेते.

सांगलीत शिरायला रात्रीचे साडेनऊ. दिवसभराची सरासरी 20 पडली. आप्पा कऱ्हाडपासून झोपलेले. दारात येऊन थांबलो, तशी त्यांना जाग आली. मांडीवरची पिशवी चाचपत म्हणाले, "बंद कधी केलीस?"

"अजून केली नाही."