रोहणा हे गाव नव्हतं

आजीचे वडील दुसऱ्या महायुद्धात ‘बोटीवर गेले ते बोटीबरोबरच गेले’, एवढंच आमच्या घरात सगळ्यांना पाठ. कुठली बोट, कुठला समुद्र, काही नाही. तिथी माहीत नाही म्हणून त्यांचं पान सर्वपित्रीला वाढायचं. रत्नागिरी जिल्ह्यात अशी घरं कमी नाहीत. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर डेकवर कोकणातले खलाशी आणि सलूनमध्ये गोव्याचे बटलर, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

हाताशी होता तो एकच कागद, वारसाच्या पैशांसाठी केलेल्या मोडीतल्या अर्जाची नक्कल. मोडी वाचून देणाऱ्या काकांनी लिहून दिलं, ‘गोविंद रामजी, रोहणा येथे मयत.’ मग आम्ही नकाशात रोहणा शोधत बसलो. वर्धा जिल्ह्यात एक सापडलं. पण गुहागरचा खलाशी मरायला वर्ध्याला कशाला जाईल?

मामेभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, “अरे, गाव कसलं! बी.आय.ची ‘रोहना’ असणार. ‘राजुला’ माहितीये ना, मद्रास-सिंगापूर जायची? तिच्याच जोडीची.”

तिथून धागा भराभर उलगडला. ‘रोहना’ १९२६ सालची, ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, म्हणजे बी.आय.ची, प्रवासी बोट. युद्धात सरकारने ती सैन्य वाहायला घेतली. नोव्हेंबर १९४३ मध्ये सुमारे २,००० अमेरिकी सैनिक घेऊन ती अल्जीरियातल्या ओरानहून ताफ्यासोबत निघाली. सैनिकांना सुएझमार्गे भारताकडे, ब्रह्मदेश-चीन आघाडीसाठी यायचं होतं. २६ नोव्हेंबरला संध्याकाळी जर्मन हाइन्केल विमानाने सोडलेला हेन्शेल २९३ हा बॉम्ब तिच्यावर आदळला. हा साधा वरून टाकायचा बॉम्ब नव्हे. त्याला पंख होते आणि विमानात बसलेला माणूस रेडिओवरून त्याला वळवत आणायचा. १,०१५ अमेरिकी सैनिक गेले. शत्रूच्या हल्ल्यात अमेरिकी सैनिकांची समुद्रावर एका वेळी झालेली ही सर्वांत मोठी हानी. शस्त्र नवं, म्हणून अमेरिकेने तपशील कित्येक वर्षं दाबून ठेवला. बोटीवरचे शंभराहून जास्त खलाशी आणि अधिकारीही गेले, बहुतेक भारतीय. इंग्रजी लेखांमध्ये त्यांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते, तीही पुष्कळदा ‘खलाशी घाबरले’ अशी तक्रार करणारी. वाचताना संताप होतो. इंजिनरूमच फुटली होती, घाबरणार नाहीत तर काय!

आता नाव शोधायचं होतं. युद्धात मेलेल्यांची राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची (CWGC) यादी कुणालाही फुकट पाहता येते. आडनाव टाकून काही मिळेना, कारण खलाशांची नोंद बहुधा स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढ्यावरच आटोपलेली असते. त्यामुळे नाव बाजूला ठेवून मृत्यूची तारीख आणि ‘इंडियन मर्चंट नेव्ही’ एवढंच टाकावं, हा माझा ठाम सल्ला. त्या दिवसाची यादी आली. मग ती मोठ्याने वाचायची, कारण कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलंय. ‘गोविन रामजी’ ऐकताच आई म्हणाली, “हेच.” शेजारी बायकोचं नाव होतं, तेही मोडूनतोडून, आणि जिल्हा रत्नागिरी.

समाधी नाही, कारण देह मिळाला नाही. अशा खलाशांची नावं मुंबई-चितगाव स्मारकात धरलेली आहेत. स्मारक म्हणजे खांब किंवा भिंत नाही, नावांची बांधीव वही. तिची एक प्रत मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये आणि एक चितगावला. सेलर्स होममध्येच पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर नाविकांचंही स्मारक आहे. नुसतं जाऊन उभं राहिलात तर लगेच आत सोडतील असं नाही, आधी विचारून जा. त्याआधी एका सरकारी कार्यालयात मला ‘एवढं जुनं आम्ही ठेवत नाही’ हे उत्तर मिळालं होतं, तेही मान वर न करता. त्यामुळे इथे चहा विचारला तेव्हा जरा गोंधळायलाच झालं.

आईने तारखेवरून भटजींकडून तिथी काढून घेतली. मामाचं म्हणणं, इतकी वर्षं सर्वपित्रीला चाललंय ते मोडू नये. वाद अजून मिटलेला नाही.

माझं काम वेगळंच अडलंय. नावातली चूक दुरुस्त करून घ्यायला आयोगाकडे अर्ज करता येतो, पण पुरावा लागतो. आमचा पुरावा मोडीत, त्यात बोटीचं नाव ‘रोहणा’, आणि आधी ‘येथे’ असा वाचला गेलेला शब्द खरं म्हणजे ‘बोटी’ आहे. मूळ अर्जाचा फोटो, देवनागरी प्रत आणि इंग्रजी भाषांतर असं सगळं एकत्र करून पाठवलंय. काकांनी या वेळी प्रत्येक ओळीखाली सही केली आहे.