साठावा दिवस मोजायचा कुणी?

माणूस कोल्हापूरच्या कळंबा जेलमध्ये गेला की घरचे वकिलाला विचारतात, "जामीन कधी?" त्याआधी एक तारीख विचारून वहीत लिहून ठेवा. पहिला रिमांड, म्हणजे मॅजिस्ट्रेटने कोठडीत पाठवल्याचा पहिला हुकूम, कधी झाला? मुदतीचा हिशेब अटकेपासून नाही, तिथून सुरू होतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187(3) प्रमाणे मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत आणि बाकीच्या गुन्ह्यांत 60 दिवसांत चार्जशीट यायला हवी. नाही आली तर जामीन हा हक्कच. (संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का, दहशतवादविरोधी यूएपीए अशा कायद्यांत मुदत वाढवून मिळू शकते.) रिमांडचा दिवस धरून मोजायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पक्कं केलं. पहिला रिमांड 1 मार्चचा असेल तर 29 एप्रिलला साठ दिवस भरतात. 30 तारखेला कोर्ट उघडताच अर्ज पडला पाहिजे. सुट्टी आली म्हणून पोलिसांची मुदत वाढत नाही.

घोळ इथेच होतो. हा जामीन मागावा लागतो. "उद्या टाकू" म्हटलं आणि दुपारी चार्जशीट आली की हक्क गेला. अर्ज आधी पडला असेल तर मागून आलेल्या चार्जशीटने काही बिघडत नाही, म्हणून आपल्या प्रतीवर तारखेसोबत वेळही घालून घ्या. जामीनदार आधीच तयार ठेवा: सातबारा, घरफाळ्याची पावती, आधार. कोर्टाने दिलेल्या मुदतीत जामीनदार उभा राहिला नाही आणि तेवढ्यात चार्जशीट आली, तर मंजूर झालेला जामीनही हातचा जातो.

चार्जशीट वेळेत आली आणि खटलाच हलत नसेल तर त्याच संहितेचं कलम 479 बघा. पूर्वी कधी शिक्षा न झालेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडायचं असतं, इतरांच्या बाबतीत निम्म्यानंतर विचार होतो. घरफोडून नव्हे, नुसत्या राहत्या घरातल्या चोरीला कमाल सात वर्षं. म्हणजे पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षं चार महिने. अर्ज करणं हे कारागृह अधीक्षकांचं कर्तव्य आहे, तरी घरच्यांनी लेखी आठवण द्यावीच. जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे लागू नाही, आणि दुसरी केस चालू असेल तरी अडतं.

आरोपीमुळे झालेला उशीर यातून वजा होतो. तारीख कुणी मागितली, साक्षीदार आला होता का, आरोपीला जेलमधून आणलं होतं का, हे रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या दर तारखेच्या नोंदीत असतं. त्याची नक्कल दर तारखेनंतर काढा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला न बघता मोफत वकील मिळतो.