मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचं गाव कसं शोधावं

मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांचा शोध बहुतेक वेळा आडनावापासून सुरू होतो आणि तिथेच अडतो. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आलेल्या माणसाचं कारकुनाने बहुधा एकच नाव लिहून घेतलं आणि पुढे मुलांच्या जन्मनोंदीत तेच आडनाव झालं. आजचं ‘सखाराम’ किंवा ‘रामा’ हे आडनाव म्हणजे मूळ पुरुषाचं, कधी त्याच्या मुलाचं, पाळण्यातलं नाव. त्याच्या जोरावर कोकणात भावकी शोधू नये.

शोधायचा असतो तो क्रमांक. बेटावर उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळत असे आणि तो मरेपर्यंत त्याच्या कागदांवर राही. तिथवर पोचायला नागरी नोंदणीचे दाखले एकेक पिढी मागे काढत जा. जन्मदाखल्याबरोबर विवाहाचा दाखलाही मागा, कारण त्यात दोन्हीकडचे आईवडील सापडतात. बेटावर जन्मलेल्या पहिल्या पिढीच्या जन्मनोंदीत आईवडिलांच्या नावापुढे बऱ्याचदा त्यांचा क्रमांक दिलेला असतो. तिथे नसेल तर मूळ माणसाची मृत्यूनोंद काढा. एक अडचण नेहमी येते: धार्मिक रीतीने लागलेली लग्नं सरकारदरबारी धरली जात नसत, म्हणून मूल पुष्कळदा आईच्या नावावर चढे. बापाच्या नावाने काहीच मिळत नसेल तर आईच्या नावाने शोधा.

क्रमांक हाती आला की मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडे जायचं. इमिग्रेशन खात्याच्या नोंदवह्या तिथे आहेत. वंशज असल्याचे दाखले जोडून अर्ज करावा लागतो, म्हणून आधीची साखळी पक्की हवी. नोंदीत जहाज, आल्याची तारीख, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, जिल्हा, तालुका, गाव आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं हे सापडू शकतं. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांना फोटो लावलेला परवाना बाळगावा लागे. त्यामुळे काहींचा चेहराही पाहायला मिळतो.

वयावर फार भिस्त ठेवू नका. ते अंदाजाने, बहुधा २०, २५, ३० असं लिहिलेलं असतं. एकाच जहाजावर दोन-तीन ‘विठू’ असतील तर बापाचं नाव आणि अंगावरच्या खुणा पाहा. ‘मराठा’ ही नोंदही ढोबळ असू शकते. बायकांचे क्रमांक वेगळे असतात. पणजीची नोंद स्वतंत्र मागवा. तिच्या बापाचं नाव आणि माहेरचं गाव तिथेच मिळेल. हे काम फार थोडे लोक करतात आणि अर्धं घराणं हरवून बसतात.

गावाचं नाव हा सगळ्यांत अवघड भाग. मराठी न जाणणाऱ्याने कानावर पडेल तसं ते रोमन लिपीत उतरवलेलं असतं. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, शेवटचं ‘वाडी’ किंवा ‘खुर्द’ गळून जातं. नोंद मोठ्याने वाचा, शक्यतो कोकणातल्या माणसासमोर. मग तालुका लावा, पण आजचा नव्हे, त्या काळचा. ‘सुवर्णदुर्ग’ म्हणजे दापोली-खेडचा पट्टा, ‘अंजनवेल’ म्हणजे गुहागर-चिपळूणकडचा. मालवण, देवगड, वेंगुर्ले १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते, तेव्हा ‘रत्नागिरी’ वाचून सिंधुदुर्ग वगळू नका. सावंतवाडी मात्र वेगळं संस्थान होतं. मॉरिशसमध्ये अजून म्हटली जाणारी ‘झाकरी’ रत्नागिरीच्या जाखडी या लोकनृत्याची बहीण आहे, पण एवढ्यावरून गाव ठरवणं धाडसाचं होईल.

महाराष्ट्रात आल्यावर तहसील कार्यालयातल्या गाव नमुना १४ कडे, म्हणजे कोतवाल बुकाकडे, सगळे धावतात. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदी बहुतेक मोडी लिपीत आहेत. मुंबईहून मॉरिशसला मजूर नेण्याची परवानगी १८४२ ची, आणि पहिल्या काही दशकांत गेलेला माणूस त्या वह्यांच्या आधीचा निघण्याची शक्यता मोठी. तिथे त्याला शोधण्यापेक्षा मागे राहिलेल्या भावाची मुलं शोधा. मुंबईच्या काळा घोडा इथल्या राज्य पुराभिलेखागारात स्थलांतराचा सरकारी पत्रव्यवहार आहे. त्यातून भरतीची पद्धत कळते, पण एखाद्या मजुराची व्यक्तिगत माहिती मिळेल अशी आशा धरू नये. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळ्या, म्हणजे यजमान घराण्यांच्या नोंदवह्या, असतात. त्या गाव आणि आडनावाने लागतात, म्हणून गाव निश्चित झाल्यावरच तिकडे जा.

शेवटी गावात गेलात तर गुरव आणि ग्रामदेवतेचे मानकरी यांना भेटा. कोणत्या वाडीत कोणती भावकी, कोणाचं घर बंद पडलं, हे त्यांना ठाऊक असतं. विचारताना क्रमांक, बापाचं नाव आणि गेल्याचं साल कागदावर लिहून न्या. नुसतं नाव सांगितलं तर जो तो आपलाच पूर्वज म्हणेल.

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसच्या दौऱ्यात भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांसाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाची सोय जाहीर केली. त्या अर्जालाही ही दाखल्यांची साखळीच लागते. म्हणून प्रत्येक दाखल्याची मूळ प्रत जपा आणि नावाची स्पेलिंगं पिढीगणिक कशी बदलली त्याचा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवा.